जिथे गुण नाहीत अशी जागा



मला भाषणाची सवय नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक तेवढी सांगते.

माझी नात गेल्या वर्षी दहावीला होती. दिवाळी झाली आणि मी तिची चित्रांची वही कपाटात कुलपात ठेवली. “परीक्षेपर्यंत हे चाळे पुरेत,” असेही म्हणाले. महिन्याभरात पोरीची झोप उडाली, ताटातले अन्न ताटात राहू लागले, येणारी गणितेही चुकू लागली. डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि मलाच विचारले, “तिची वही कुठे आहे?”

भगिनींनो, हे काही नवे खूळ नव्हे. एड्रियन हिल नावाचे इंग्रज चित्रकार क्षयाने आजारी असताना आरोग्यधामात चित्रे काढीत. त्यांना त्याचा गुण आला. पुढे इतर रोग्यांनाही त्यांनी रंगरेषांची गोडी लावली आणि १९४२ साली या उपायाला ‘आर्ट थेरपी’, म्हणजे कलोपचार, असे नाव दिले. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९ प्रौढांनी पाऊण तास माती, कागद, रंग हाताळले. ताणाबरोबर वाढणारे कॉर्टिसोल हे द्रव्य त्यांतल्या चौघांपैकी तिघांच्या लाळेत कमी झालेले आढळले. चित्रकला आधी येत असलीच पाहिजे, असेही नव्हते.

घरी चित्र काढणे म्हणजे उपचार नव्हे; तो शिकलेल्या माणसानेच करावा. मूल झोपत नसेल, जिवाचे काही बरेवाईट बोलत असेल, तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा फुकट क्रमांकही आहे. पण रोजचा अर्धा तास आपण देऊ शकतो. त्या वेळी “घोड्याचे पाय असे असतात का?” म्हणू नये. चित्र शेजारणीला दाखवू नये. इंटरमिजिएट परीक्षेमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून आपण चित्रकलेलाही शिकवणी लावली! मुलांना जिथे गुण नाहीत अशी एक तरी जागा हवी.

नातीला किती टक्के पडले, ते आज सांगत नाही. ती आता झोपते, पोटभर जेवते.

माझी एक सूचना आहे. शनिवारी दुपारी मंडळाची खोली रिकामी असते. जुनी वर्तमानपत्रे, गेरू, खडू आपल्या सर्वांच्या घरी आहेत. ती खोली मुलांना द्यावी. आपण दाराबाहेर बसून शेंगा सोलू.