निरंक



अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत, मी ऋणी आहे. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचं हे संमेलन झाशीत न भरवता समथरला भरवलंत, याचं मला विशेष अप्रूप वाटतं. मोठ्या शहरातल्या सभागृहात लहान दवाखान्यातला माणूस येत नाही. त्याला रजाच मिळत नाही. आज तो इथं आला आहे.  माझं सासर झाशीचं. नोकरीची हयात मात्र महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत गेली. शिकाऊ परिचारिका म्हणून शिरले आणि अधिसेविका म्हणून निवृत्त झाले.

अध्यक्षानं वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो थोडक्यात घेते. क्ष-किरण विभागात किरणांची मात्रा मोजणारे टीएलडी बॅज छातीवर असायच्या ऐवजी खणात पडलेले असतात, हे काल मांडलं गेलं. क्षयरोगाच्या वॉर्डात काम करणाऱ्यांची तपासणी वर्षातून एकदाही होत नाही, तेही मांडलं गेलं. रुग्णाच्या नातेवाइकांकडून मारहाण होते. त्यावर महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, आणि तो वापरायला पोलीस कचरतात. माझी या सगळ्याला मान्यता आहे. पण दोन दिवस ऐकताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ती अनेक वर्षं घोळते आहे. आज माईक हातात आहे, तेव्हा ती बोलून घेते. आढावा छापील अहवालात आहेच, तो आपण वाचाल.

माझी तक्रार एका शब्दाविषयी आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक रुग्णालयाला दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक अहवाल द्यावा लागतो. त्यात एक रकाना असतो: वर्षभरात किती अपघात झाले, किती जण बाधित झाले. त्या रकान्यात आपण काय लिहितो? निरंक. शंभर खाटांचं रुग्णालय असो की दहा खाटांचं, ‘निरंक’, म्हणजे एकही नाही. वर्षानुवर्षं तोच शब्द, कित्येकदा त्याच कारकुनाच्या हातचा.

सुया टोचत नाहीत का? तुम्ही सगळे इथं बसला आहात. ज्याला आयुष्यात एकदाही निडल प्रिक झालेला नाही त्यानं हात वर करावा, असं मी म्हटलं तर किती हात वर येतील, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

यात थोडा दोष नियम करणाऱ्यांचाही आहे. त्याच नियमांत ‘मोठा अपघात’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. कचऱ्याचा ट्रक उलटला तर तो मोठा अपघात, कचरा नदीनाल्यात गेला तर तो मोठा अपघात. सुई टोचणं मात्र त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. ते किरकोळ, वार्षिक अहवालात नोंदवायचं. ज्याचं लसीकरण झालेलं नाही अशा माणसाला कावीळ-ब असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर शंभरातल्या तिसापर्यंत लोकांना ती कावीळ होऊ शकते. एचआयव्हीचा धोका त्या मानानं बराच कमी, हजारात तीन. पण ज्याच्या बोटातून रक्त आलं, त्याला त्या रात्री हजारातले तीनच दिसत असतात.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी असताना लाँड्रीत एक मामा होते. ऑपरेशन थिएटरमधून हिरव्या कपड्यांची गाठोडी यायची, ती सोडून, झाडून, मशीनमध्ये टाकायचं त्यांचं काम. रक्तानं कडक झालेल्या चादरीच्या घडीत वाकडी सुई अडकलेली असायची, कधी टॉवेल क्लिप, कधी ब्लेडसुद्धा. मी एकदा तिथं गेले तेव्हा मामा अंगठा दाबून धरून उभे होते. पिळून रक्त काढत होते. मग स्पिरिटचा बोळा लावला, गॉजची पट्टी दातानं फाडून बांधली आणि पुढचं गाठोडं सोडायला घेतलं. यातली एकही गोष्ट करायची नसते. टोचलं की जखम पिळायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. एचआयव्हीप्रतिबंधाच्या गोळ्या लागणार असतील तर पहिली मात्रा शक्यतो दोन तासांच्या आत घ्यायची. ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही. पुढं त्या २८ दिवस घ्यायच्या. हे मामांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. प्रशिक्षणाच्या पत्रकावर आमच्या सगळ्यांच्या सह्या होत्या, त्यांची नव्हती, कारण ते ठेकेदाराचे. मी त्यांना अपघात विभागात चला म्हटलं. ते म्हणाले, “सिस्टर, तिकडं गेलो तर हजेरी कापतील. आणि विचारतील, हातमोजे का नव्हते.” हातमोजे त्यांना कुणी दिले होते?

काल एका सत्रात वाद झाला की नोंदवहीत टोचलेल्या माणसाचं नाव असावं की नसावं. काही तरुण मित्रांचं म्हणणं, नाव वगळलं म्हणजे लोक मोकळेपणानं नोंद करतील. त्यांचा हेतू चांगला आहे. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगते. आमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मदतनिसाला पुढे यकृताचा आजार जडला. कावीळ-ब निघाली. त्याला आठवत होतं, कोणत्या वर्षी, कोणत्या टेबलाजवळ नळी फुटून हातात काच घुसली होती. आम्हालाही आठवत होतं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात रुग्णालयातल्या आणि प्रयोगशाळेतल्या कामातून होणारा संसर्ग हा व्यवसायजन्य आजार म्हणून नमूद होता. म्हणजे कायदा त्याच्या बाजूनं होता. कागद नव्हता. कार्यालयातून एकच प्रश्न आला: घटनेची नोंद कुठं आहे? त्या वर्षीच्या अहवालात ‘निरंक’ होतं. त्या शब्दानं त्याचा हक्क खाल्ला. म्हणून नाव हवं, तारीख हवी, वेळ हवी. नावाशिवाय सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावणार कुणाला? वगळायचा असेल तर एकच रकाना वगळा: ‘चूक कोणाची’. मी एका ठिकाणी तो रकाना खोडून वही ठेवली. कुठं, केव्हा, कशानं, एवढंच विचारलं. महिन्याभरात पानं भरू लागली. वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं, “तुमच्या काळात अपघात कसे वाढले?” मी म्हटलं, साहेब, अपघात होते तेवढेच आहेत, आता ते तुम्हाला दिसताहेत. त्यांना ते रुचलं नाही. वही मी चालूच ठेवली.

वही भरली की काय होतं तेही ऐका. आमच्याकडे बहुतेक सुया टोचत होत्या त्या टोपण परत बसवताना. सगळे म्हणाले, प्रशिक्षण द्या, दंड करा. वहीत ‘कुठं’ हा रकाना पाहिला तर सगळ्या नोंदी खाटांच्या लांबच्या टोकाच्या. सुया टाकायचा पांढरा डबा सिस्टरच्या टेबलापाशी होता. सोळा नंबरच्या खाटेवर इंजेक्शन दिलं की उघडी सुई हातात घेऊन वॉर्डभर कोण चालणार? ती टोपण लावणारच. आम्ही डबा ट्रॉलीवर चढवला, हाताशी. टोपण लावणं आपोआप बंद पडलं. दंडाची भाषा करणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे.

आपल्या शास्त्राचा पायाच एका नोंदीवर आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस हा डॉक्टर बाळंतिणी का मरतात याचा शोध घेत होता आणि त्याला उत्तर सापडत नव्हतं. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा मित्र कोलेच्का हा न्यायवैद्यकाचा प्राध्यापक वारला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. सेमेलवाइसनं त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि त्याला दिसलं की बाळंतिणींच्या अंगात आढळतं तेच या अंगातही आहे. मे महिन्यात त्यानं क्लोरिनच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोन. बोटाला लागलेलं कुणी किरकोळ म्हणून सोडून दिलं असतं तर? रुग्णाची सुरक्षितता वेगळी आणि कर्मचाऱ्याची वेगळी, असं मानणाऱ्यांनी हा इतिहास पुन्हा वाचावा.

आणि इथून जवळच झाशीत काय घडलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजच्या नवजात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या रात्री दहा तान्ही बाळं गेली. खिडक्या फोडून बाकीची बाहेर काढली. बाळं काढताना एका परिचारिकेचा पाय भाजला, कपडे पेटले, तरी ती आत जात राहिली. तिचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. मला मात्र त्यापुढचा प्रश्न पडतो: तिची भाजलेली कातडी कोणत्या वहीत नोंदली गेली? तिच्यासारख्या किती जणींनी, देशभर, बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या प्लगपाशी चटका बसल्याचं एकमेकींना सांगितलं असेल आणि कागदावर लिहिलं नसेल? का लिहावं त्यांनी? ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात अशाच आगीत दहा अर्भकं गेली. नंतरच्या कारवाईत जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले आणि कंत्राटी परिचारिकांची सेवा संपली. जिची नोकरी एका सहीवर टांगलेली आहे, ती प्लग तापतो असं लेखी देईल, ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

वहीत न येणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत: परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलायला गेली होती, तिथंच तिच्यावर हल्ला झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एक तरुण डॉक्टर रात्रपाळीत चर्चासत्राच्या खोलीत विसावली होती, तिथंच तिच्यावरही हल्ला झाला. मधे पन्नास वर्षं गेली आणि रात्रपाळीच्या बाईला कपडे बदलायला, पाठ टेकायला दार लागणारी खोली अजून मिळालेली नाही. अंधारा जिना, कडी नसलेलं दार, यांबद्दल बायका आपसांत रोज बोलतात. वहीत ते येत नाही.

नोंद टळते याचं आणखी एक कारण: आपल्या लोकांना त्याग फार आवडतो. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचल्या आणि त्याच प्लेगनं १० मार्चला गेल्या. मी त्यांच्यापुढे रोज नतमस्तक होते. पण तेव्हा प्लेगवर लस नुकती शास्त्रज्ञ हाफकिनच्या हातून तयार होत होती, औषध नव्हतं. आज कावीळ-बची लस आहे. शून्य, एक आणि सहा महिने, एवढंच तिचं वेळापत्रक. ती सफाई कामगाराला टोचायचीच असं २०१६ चे नियम सांगतात. तरी तिसरी मात्रा हुकते, कारण सहा महिन्यांच्या आत ठेकेदार बदलतो, मामा दुसऱ्या दवाखान्यात जातो आणि त्याचं लसीचं कार्ड जुन्या ठेकेदाराच्या फायलीत राहतं. ज्याला लस देता आली असती त्याच्या मरणाला त्याग म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता कामाचं. लहान दवाखान्यांसाठी एकच सोपी वही असावी, मराठी आणि हिंदी दोन्हीत, कक्षसेवकाला स्वतः भरता येईल अशी. लसीचं कार्ड कामगाराच्या खिशात असावं. ‘निरंक’ आलेला अहवाल परत पाठवून खुलासा मागावा, यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाशी बोलावं लागेल. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ च्या कलम १९ मध्ये सुरक्षित कामाची जागा देण्याचं बंधन आहे, त्याचाही आधार घेता येईल. तपशील पुढं ठरवू. भरलेल्या वह्यांमुळे चौकश्या लागतील अशी भीती काही संस्थाचालकांनी काल मला खासगीत सांगितली. लागू देत. चौकशीला उत्तर देता येतं.

या सूचनांची मसुदा समिती आज दुपारी नेमायची आहे. डॉक्टरांची नावं आली आहेत, माझंही आलं आहे. लाँड्रीत किंवा कचऱ्याच्या गाडीवर काम करणारा एक तरी माणूस त्या समितीत असल्याशिवाय मी तिच्या कागदावर सही करणार नाही. संयोजकांनी जेवणाच्या सुट्टीत ते नाव मला द्यावं.