थोडे करावे, पाहावे, मग पुढचे ठरवावे

पोंभुर्ण्याकडचा धानकरी बांधीतले पाणी पाहून रोवणीचा दिवस ठरवतो. थोडे करावे, पाहावे, मग पुढचे ठरवावे. संगणकाच्या कामासाठी असाच विचार २००१ साली अमेरिकेत जमलेल्या १७ जाणकारांनी मांडला. त्याला ‘अजाइल’ म्हणतात. ‘स्क्रम’ ही त्यातलीच पद्धत. तिच्यात कामाचा टप्पा महिन्याहून मोठा नसतो.

तिची ‘पीएसएम वन’ परीक्षा कुणी देणार असेल, तर ऐका. प्रश्न ८०, वेळ ६० मिनिटे आणि ६८ उत्तरे बरोबर हवीत. एकदा भरलेल्या पैशांत संधी एकच. घोकंपट्टी इथे कामाची नाही. टप्पा मध्येच रद्द कोण करू शकतो? फक्त ‘प्रॉडक्ट ओनर’. कारण कामाचे मोल ही त्याची जबाबदारी. कारण समजले, की उत्तर विसरत नाही.

‘स्क्रम गाईड’ फुकट मिळते, पाने अवघी १३. एक भाग वाचा, ३० प्रश्नांची फुकट सराव परीक्षा द्या, चुकले तेवढे पुन्हा वाचा. गुरुजी, उत्तर बरोबर आले तरी ‘का?’ म्हणून विचाराच. बांधीतले तण दिसताच काढावे. कापणीपर्यंत थांबू नये.