लाकडाला चालना देणारे हात



पैनगंगेपलीकडे विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले चाकांवरचा लाकडी नंदी ओढीत नेतात. नंदी लाकडाचाच, पण चालू लागला की मुलांना तो खरा वाटतो. या हलत्या शिल्पकलेला पाश्चात्त्य देशांत मोठा मान मिळाला. अलेक्झांडर काल्डर (१८९८–१९७६) या अमेरिकन शिल्पकाराने पॅरिसमध्ये तारेची चिमुकली सर्कस स्वहस्ते खेळविली आणि पुढे वाऱ्याच्या झुळकीने डोलणारी शिल्पे घडविली. १९५५ साली तो अहमदाबादेसही येऊन गेला.

आपल्याकडे लाकडाला चालना देण्याची विद्या सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्या परंपरेतील श्री. परशुराम विश्राम गंगावणे यांचे कार्य आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांची टोके सूत्रधाराच्या हाती असतात. बोट किंचित उचलले की बाहुली मान डोलावते, हात जोडते. चामड्याच्या बाहुल्या दिव्याच्या उजेडात पडद्यावर सावल्यांनी खेळतात. चित्रकथीत कथेकरी एकेक चित्र पुढे करीत रामायण-महाभारतातील आख्याने गातो. सावंतवाडी संस्थानचा या कलांना आश्रय होता. संस्थाने गेली, पुढे सिनेमा व दूरदर्शन आले आणि प्रेक्षक पांगले.

अशा काळात गंगावणे यांनी बाहुल्या खाली ठेवल्या नाहीत. २००६ साली त्यांनी आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यातच या कलांचे संग्रहालय उभारले आणि घरच्या मुलांना खेळ शिकविला. २०२१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

या महोत्सवाच्या निमित्ताने आपणही एक विचार करावा. आपल्या शेजारी निर्मलची लाकडी खेळणी होतात. आपल्या घरांतही सुतारकाम, गाणे, विणकाम जाणणारी वडीलधारी माणसे आहेत. न्यास देणगीतून इमारत बांधील, कपाटे घेईल. पण कपाटात ठेवलेली बाहुली नाचत नाही. तिला शिकलेला हात लागतो, आणि तो हात शिकविणारे माणूस आहे तोवरच तयार होतो. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपले एक मूल अशा जाणत्याजवळ आठवड्यातून एक दिवस बसवावे, एवढीच आमची विनंती आहे.