सात फुटांचा फटका

आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहोत, तो आपल्यापैकी कुणी खेळलेला नसेल. आम्हीही नाही, आम्ही फक्त बघतो. खेळ आहे गोल्फ. पोरं गोट्या खेळताना जमिनीत गल करतात ना, तसंच समजा. गोटीच्या जागी पांढरा चेंडू, बोटांच्या जागी काठी, आणि गल शेतं ओलांडून पलीकडं. अशा अठरा गली. चेंडू कमीत कमी फटक्यांत गलीत घालायचा, एवढंच.

एरवी यात जो तो आपापला असतो. पण साधारण दर दोन वर्षांनी युरोपच्या बारा जणी आणि अमेरिकेच्या बारा जणी संघ करून एकमेकींशी खेळतात. १९९० पासून हे चाललंय. सोल्हाइम करंडक म्हणतात त्याला. तीन दिवस, अठ्ठावीस सामने, प्रत्येक सामन्याला एक गुण, बरोबरी झाली तर दोघींना अर्धा. आणि बक्षिसाचा एक रुपयाही नाही. वर्षभर पैशासाठी खेळणाऱ्या बायका इथं फुकट खेळतात, आणि इथंच सगळ्यात जास्त रडतात.

आपली अदिती अशोक यात दिसत नाही. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये ती चौथी आली, तिची आई तिची बॅग खांद्यावर घेऊन मैदानभर फिरली. पण हा करंडक फक्त युरोप आणि अमेरिकेचा. आम्हाला ते फारसं पटत नाही. असो. आम्ही युरोपच्या बाजूनं, कारण जो कमी वेळा जिंकलाय त्याच्याकडं आपलं मन आधी जातं.

तर २०१५ साल. जर्मनीत सेंट लिऑन-रॉट इथं सामने होते. शनिवारी अंधार पडल्यानं अर्धवट राहिलेला एक सामना रविवारी सकाळी पुढं सुरू झाला. युरोपकडून नॉर्वेची सुझान पेटरसन, चौतीस वर्षांची, अनुभवी; तिच्या जोडीला इंग्लंडची चार्ली हल, एकोणीस वर्षांची. समोर अमेरिकेची ब्रिटनी लिंसिकम आणि अ‍ॅलिसन ली. ली वीस वर्षांची, पहिल्यांदाच संघात आलेली.

सतराव्या गलीवर दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. लीचा चेंडू गलीच्या पुढं जेमतेम हातभर गेला. आता या खेळात एक रीत आहे. चेंडू इतका जवळ असला की समोरची म्हणते, ‘दिला.’ म्हणजे तो फटका मारायची गरज नाही, चेंडू उचल. पण ते समोरचीनं म्हणावं लागतं. लीला वाटलं, म्हटलं. हल तर चालायलाही लागली होती. लीनं चेंडू उचलला.

पेटरसन म्हणाली, आम्ही दिला नव्हता.

नियमानं ती बरोबर होती. ती गल युरोपला मिळाली, पुढचीही मिळाली, सामना युरोपचा झाला. आणि मैदानावर ली रडत होती, हलही रडत होती. जिंकलेली आणि हरलेली, दोन्ही पोरी रडतायत असा सामना आम्ही तोवर पाहिला नव्हता. अमेरिकेची कर्णधार जुली इंकस्टर चांगलीच संतापली होती.

युरोप त्या वेळी दहा-सहानं पुढं होता. दुपारच्या बारा एकेरी सामन्यांत अमेरिकेनं साडेआठ गुण घेतले आणि करंडक साडेचौदा-साडेतेरानं नेला. चार गुणांनी मागं राहून जिंकणं त्याआधी कुणालाही जमलं नव्हतं. अमेरिकेच्या पोरी त्या एका चेंडूच्या रागानं खेळल्या असं आम्हाला आजही वाटतं.

आपला संघ हरला तर वाईट वाटायला हवं होतं. आम्हाला आत कुठंतरी बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. गटाच्या बैठकीत वही उघडून ‘नियम म्हणजे नियम’ म्हणणारी एखादी असते. तिचं चूक नसतं. तरी चहाच्या वेळी तिच्याशेजारी कुणी बसत नाही. पेटरसन आमच्यासाठी तशी झाली. आधी ती म्हणाली, मी केलं ते योग्यच केलं. दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर माफी मागितली. आम्ही म्हटलं, हरल्यावर कुणीही मागेल.

चार वर्षं आम्ही हे धरून बसलो.

२०१९ ला सामने स्कॉटलंडमध्ये ग्लेनईगल्सला होते. मधल्या काळात पेटरसनला मुलगा झाला होता, ती बराच काळ खेळापासून लांब होती आणि परत आल्यावर मोजक्याच स्पर्धा खेळली होती. आधी तिला मदतनीस कर्णधार म्हणून नेमलं होतं. मग कर्णधार कॅट्रिओना मॅथ्यूनं आपल्या अधिकारात तिला थेट संघातच घेतलं. आम्ही पुन्हा चिडलो. म्हटलं, वर्षाचं लेकरू कडेवर, सराव नाही, हिला कशाला? जिचा खेळ चांगला चाललाय अशा एखादीची जागा अडवली.

मग आमचंच बोलणं आमच्या कानावर आलं. बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या आपल्या लेकीसुनांबद्दल लोक जे बोलतात, अगदी तेच शब्द. आणि बोलत होतो कुणाच्या निर्णयावर, तर कॅट्रिओना मॅथ्यूच्या! २००९ मध्ये दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर अकरा आठवड्यांनी या बाईनं ब्रिटिश ओपन जिंकली होती. सव्वा महिना संपून अजून दीड महिनाही झाला नव्हता म्हणा ना. बाळंतीण काय करू शकते हे तिला आम्ही सांगणार होतो!

शेवटच्या दिवशी सकाळी आठ-आठ अशी बरोबरी होती. संध्याकाळी मैदानावर तीन सामने उरले, तेव्हा अमेरिका साडेतेरा, युरोप साडेअकरा. करंडक आधीच अमेरिकेकडं होता, त्यामुळं तो राखायला त्यांना अर्धा गुण पुरे होता. युरोपला तिन्ही सामने हवे होते. स्वीडनच्या अ‍ॅना नॉर्डक्विस्टनं तिचा जिंकला. इंग्लंडच्या ब्रॉन्टी लॉनं सतराव्या गलीवर तिचा संपवला. उरली पेटरसन. अठरावी गल, समोर अमेरिकेची मरीना अ‍ॅलेक्स, दोघी बरोबरीत. अ‍ॅलेक्सचा चेंडू गलीत पडला नाही.

पेटरसनचा चेंडू साधारण सात फुटांवर होता. आपल्या दाराच्या उंचीएवढं अंतर. हा फटका कुणी ‘दिला’ म्हणणार नव्हतं.

पडला. साडेचौदा-साडेतेरा, आता उलट्या बाजूनं. आम्ही ओरडलो, एकमेकींचे हात धरले, आणि चार वर्षं जिचं नाव नको होतं तिच्यासाठी डोळे पुसले. थोड्या वेळानं ती मुलाला कडेवर घेऊन उभी होती. त्याच दिवशी तिनं सांगितलं, मी आता खेळणं थांबवते.

२०१५ आम्ही विसरलो असं नाही. तो चेंडू ‘दिला’ म्हणायला हवा होता, असं आमचं मत अजून आहे.

पुढं पेटरसन युरोपची कर्णधार झाली. २०२३ मध्ये स्पेनला चौदा-चौदा बरोबरी झाली आणि करंडक युरोपकडंच राहिला. २०२४ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाला सामने झाले. एका बाजूला कर्णधार पेटरसन आणि तिच्या संघात चार्ली हल. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या बारा जणींत अ‍ॅलिसन ली, २०१५ नंतर पहिल्यांदाच, नऊ वर्षांनी. अमेरिका साडेपंधरा-साडेबारानं जिंकली. आमचा संघ हरला, पण लीच्या हातात करंडक लागला, तेव्हा या वेळी बरं वाटलं त्याची लाज वाटली नाही.