वाट पाहणारा देव

आजच्या माझ्या भाषणाचा विषय श्रद्धेचा आहे. परंतु मी धर्मोपदेशक नव्हे, ठाण्यात टेंभी नाक्यावर राहणारा एक निवृत्त शाळामास्तर आहे. नवरात्रात आमच्या नाक्यावर देवीच्या दर्शनासाठी लांबच लांब रांगा लागतात. मनुष्याने देवासाठी तिष्ठावे हे आपल्या अंगवळणी पडले आहे. देवही मनुष्यासाठी तिष्ठत असेल काय, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच करतो. ज्यांच्या चरित्रातून तो प्रश्न आपणांपुढे उभा राहतो, त्या कवी नारायण वामन टिळकांविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. पण प्राथमिक शिक्षण आमच्या जवळच, कल्याणास झाले. पुढे नाशकास त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. बुद्धी तल्लख, वृत्ती कवीची आणि स्वभाव विलक्षण उतावळा. एका गावी, एका नोकरीत ते फार काळ रमत नसत. परंपरागत आचार आणि जातिभेद यांवरील त्यांचा विश्वास उडाला, तेव्हा आपणच नवा धर्म स्थापावा, असे विचार त्यांच्या मनात घोळू लागले.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एक युरोपीय गृहस्थ त्यांना भेटले. काव्यावरून बोलणे धर्माकडे वळले. निरोप घेताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते पटले नाही. पण पुस्तक त्यांनी वाचावयास घेतले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना वेड लावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या पुस्तकातील देव कसा आहे? लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या मुलाची कथा आहे. वाट्याचे धन घेऊन मुलगा घर सोडतो. बाप त्याला अडवीत नाही, की धरून आणण्यास चाकर पाठवीत नाही. परंतु तो परतताना दुरून दिसताच धावत जाऊन त्याला मिठी मारतो. मास्तरांतही दोन जाती असतात. एक पाटीवर उत्तर लिहून देतो. दुसरा मुलाला ते सापडेपर्यंत बाकापाशी उभा राहतो. ख्रिस्ती श्रद्धेतील देव हा दुसऱ्या जातीचा आहे.

या श्रद्धेची खरी कसोटी घरातच लागली. पत्नी लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. १८६६ च्या एका कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या मनुष्याचा जोडीदार धर्मापायी नांदण्यास तयार नसेल, तर न्यायालयाकडून विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. पुढे लक्ष्मीबाई त्या वेळच्या अहमदनगरास आल्या, तेव्हाही त्या आपले सोवळे सांभाळून वेगळ्या राहत. उतावळा गृहस्थ येथे मात्र थांबला.

ही कथा गोड करून सांगणे लक्ष्मीबाईंवर अन्यायाचे होईल. ताटातुटीचे दुःख त्यांनीच अधिक सोसले, आणि निर्णयही त्यांनी स्वतःच केला. जाती देवाने निर्माण केल्या की मनुष्याने, या विचाराशी त्या झगडल्या. मग एकेक बंधन गळत गेले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाप्तिस्म्यास तेव्हा पाच वर्षे झाली होती. १९१९ साली टिळक निवर्तले. त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच साठांहून अधिक अध्याय रचून तडीस नेले. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त तर त्यांनी पतीच्या तऱ्हेवाईकपणाची थट्टा केली आहे, स्वतःचीही केली आहे. आज्ञेवरून धर्म स्वीकारलेली स्त्री असे मोकळे हसू शकत नाही.

श्रोतेहो, आपली श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी. परंतु मुलगा देव मानीत नाही, सून उपास करीत नाही, एवढ्यावरून आजही घरात अबोला धरला जातो. अशा वेळी कवाड लावून घेण्यापूर्वी एवढेच ध्यानी धरावे : ज्या देवाच्या नावाने आपण रागावतो, त्याला स्वतःला कदाचित मुळीच घाई नसेल.