शेत आपले, किल्ली दुसऱ्याची

समजा, उद्या पहाटे तुम्ही शेताकडे निघालात आणि वाटेत लोखंडी फाटक लागले. पलीकडे तुमचेच शेत, तुमच्याच आजाने लावलेली झाडे. पण फाटकाची किल्ली मात्र सैनिकाच्या हाती! असे कुठे असते का, असे तुम्ही म्हणाल. असते. जॉर्डन नदीच्या पश्चिमेस पॅलेस्टिनी शेतकऱ्यांच्या वाट्याला हे रोजचेच आले आहे.

हा प्रदेश इस्राएलने १९६७ सालच्या युद्धात ताब्यात घेतला. पुढे २००० नंतरच्या काही वर्षांत इस्राएलच्या शहरांतून आत्मघातकी स्फोट झाले, शेकडो माणसे बळी पडली. ते थांबवायचे म्हणून २००२ साली त्या सरकारने कुंपण घालायला घेतले. कुठे तारा, कुठे आठ मीटर उंचीची भिंत. आता कोणी म्हणेल, आपल्या घराला कुंपण घातले तर बिघडले कुठे? खरे आहे. पण शिक्षकबंधूंनी नकाशा उघडून पाहावे. १९४९ सालच्या युद्धविरामाची जी रेषा, तिच्यावर हे कुंपण क्वचितच आहे. आखलेल्या मार्गाचा सुमारे ८५ टक्के भाग पॅलेस्टिनी प्रदेशाच्या आतून जातो. म्हणजे कुंपण घातले, ते शेजाऱ्याच्या अंगणात!

कलकिल्याजवळच्या जय्यूस गावाचेच घ्या. घरे अलीकडे राहिली, बहुतेक शेते आणि विहिरी पलीकडे गेल्या. २००३ पासून पलीकडे जायला परवाना लागू लागला. जमीन आपली आहे हे कागदपत्रांनी सिद्ध करायचे, मुदत संपली की पुन्हा अर्ज करायचा. फाटके ठराविक वेळीच उघडणार. कित्येक तर केवळ ऑलिव्हच्या हंगामात.

पण शेती अशी घड्याळावर चालते का हो? ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. परंतु नांगरट, छाटणी, राखण ही वर्षभराची. ती चुकली की झाड रुसते. शिवाय १८५८ च्या तुर्की जमीन कायद्याचा आधार घेऊन पडीक जमीन सरकारजमा करता येते, आणि या प्रदेशात तशी ती केलीही गेली आहे. आधी वाट अडवायची, मग जमीन पडीक का, म्हणून विचारायचे!

२००४ साली खुद्द इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यांचे नुकसान पाहून कुंपणाचा काही मार्ग बदलायला लावला. त्याच वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने व्याप्त भूमीतील ही भिंत कायद्याविरुद्ध असल्याचे मत दिले. तरीही ती उभीच राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्राएलवर भीषण हल्ला केला. त्यानंतर बहुतेक फाटके शेतकऱ्यांना बंद झाली आणि कित्येकांची फळे झाडावरच राहिली.

श्रोतेहो, निर्भय जगण्याचा हक्क इस्राएली माणसालाही आहे, याबद्दल दुमत नाही. पण शेतावर जाणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. त्याला परवाना लागू लागला, की हक्काची मेहेरबानी होते. आणि मेहेरबानी केव्हा मागे घेतली जाईल, याचा काय भरवसा?