समीकरणातले आकडे

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राचा पाया नववीत घातला जातो. राज्य मंडळाच्या पुस्तकातल्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात मोल येतो. मोल म्हणजे कणांची ठरलेली संख्या, ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. एक मोल पाणी १८ ग्रॅम भरते, एक मोल मीठ ५८.५ ग्रॅम. वजने वेगळी, नग तेवढेच. व्याख्या सगळ्यांना पाठ असते. तरी अकरावीत गणिते चुकतात, कारण समीकरणातला आकडा ग्रॅमचा समजला जातो. तो नगांचा असतो.

उकडीच्या मोदकाला एक पारी आणि एक वाटा सारण लागते. पारीला ३० ग्रॅम उकड आणि आत २० ग्रॅम सारण धरले, तर ६०० ग्रॅम उकडीच्या २० पाऱ्या होतात आणि ६०० ग्रॅम सारणाचे ३० वाटे. वजन सारखे असूनही मोदक वीसच होतात आणि २०० ग्रॅम सारण परातीत उरते. आधी संपते ती उकड. किती मोदक वळले जाणार हे तीच ठरवते. रसायनशास्त्रात तिला लिमिटिंग रिएजंट म्हणतात. सारण आणखी वाढवले तरी मोदक वाढत नाहीत. म्हणून दिलेल्या वजनांची थेट तुलना करू नये. आधी मोल काढावेत, मग समीकरणातल्या प्रमाणाशी ताडून पाहावेत.

पनवेलच्या मुलांना उदाहरण शेजारीच सापडते. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या रसायनी येथील कारखान्यात नायट्रोबेन्झीनपासून ॲनिलिन तयार होत असे. हीच अभिक्रिया बारावीत अमाइन्सच्या प्रकरणात येते. एक मोल नायट्रोबेन्झीनला तीन मोल हायड्रोजन लागतो. वजनात मात्र १२३ ग्रॅमला अवघा ६ ग्रॅम. त्यातून ९३ ग्रॅम ॲनिलिन आणि ३६ ग्रॅम पाणी मिळते. दोन्ही बाजूंची बेरीज १२९. तीन हा आकडा इथेही नगांचाच आहे, तिप्पट वजनाचा नव्हे.

बारावीला लेखी परीक्षेचे ७० गुण आणि प्रात्यक्षिकाचे ३०. टायट्रेशनमध्ये ऑक्झॅलिक आम्लात विरल सल्फ्युरिक आम्ल घालून ते ६० ते ७० अंशांपर्यंत तापवतात आणि ब्युरेटमधून परमँगनेट सोडतात. सुरुवातीच्या थेंबांचा रंग रेंगाळतो, नंतरचे झटपट विरतात. अखेर एका थेंबाने फिकट गुलाबी छटा येते आणि टिकते, तिथे थांबायचे. द्रावण गडद असल्यामुळे ब्युरेटवर त्याची वरची कड वाचायची. एवढी काळजी घेऊन आलेले रीडिंगही फुकट जाते, जर दोन मोल परमँगनेटला पाच मोल ऑक्झॅलिक आम्ल लागते हे हिशेबात घेतले नाही.

विद्युत्‌रसायनशास्त्रात सुमारे ९६,५०० कूलोम म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार. अभिक्रियेची उष्णताही मोलमागेच सांगतात. आवर्त सारणी, रासायनिक बंध आणि सेंद्रिय रसायने या प्रकरणांतली समीकरणेही याच रीतीने वाचायची असतात. आकडे नगांचे, वजन त्यानंतर.